देवाशी अबोला

३ नोव्हें., सोम.
पाळकसाहेबांनी चर्चच्या नाताळ अंकासाठी आलेल्या साक्षी, म्हणजे लोकांचे श्रद्धेचे अनुभव, घरी पोचवल्या. मी निवृत्त मराठीचा मास्तर, तेव्हा शुद्धलेखन माझ्या गळ्यात. विषय: ‘मी प्रभूला व्यक्तिशः कसा ओळखतो’. तेवीस कागद. तेवीसही जण आधी अंधारात होते, मग प्रकाशात आले. वर्गात असते तर कॉपी केली म्हणून बाकावर उभे केले असते.

५ नोव्हें., बुध.
कळमना बाजारातला संत्र्यांचा अडत्या लिहितो, प्रभू रोज लिलावाआधी माझ्याशी बोलतो. काय बोलतो? भाव? देवाची ओळख म्हणजे यांना मंत्र्याच्या पीएची ओळख वाटते.

७ नोव्हें., शुक्र.
आज मागाहून चोविसावा कागद आला. अक्षर घरचं. आमच्या बायकोने, मार्थाने, नवऱ्याला न सांगता परस्पर पाळकसाहेबांकडे दिलेला.
‘गळ्याचं ऑपरेशन झालं, गाणं गेलं. दोन वर्षं मी प्रभूशी अबोला धरला. त्याने धरला नाही. तशी ओळख झाली.’
देवाशी अबोला! जाऊबाई आहे का तो? खोडून लिहिलं, ‘काही काळ प्रार्थनेत खंड पडला, परंतु प्रभूने सांत्वन केले.’
पण दोन वर्षं? जेवणाआधी प्रार्थना मी म्हणतो, मोठ्याने. ती ‘आमेन’ म्हणते. तेव्हा म्हणत नव्हती? आठवत नाही.

८ नोव्हें., शनि.
विचारलं. मेथी निवडत होती. “नव्हती म्हणत. तुमची प्रार्थना लांबच लांब रायते जी, तुमाले काय समजन?”
मग माझी दुरुस्ती वाचली. कागद परत दिला. “हे छापू नका. ह्या बाईले मी नाही ओळखत.”
दिवसभर डोकं फिरलेलं.

११ नोव्हें., मंगळ.
पाळकसाहेबांचा फोन. पहिल्या पानावर माझी साक्ष हवी. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आम्ही, त्यात काय! वीस मिनिटांत लिहिली. वाचून पाहिली. पहिलीच ओळ, ‘मी अंधारात होतो.’
कधी होतो? फाडली. लाज वाटली.

१४ नोव्हें., शुक्र.
मार्थाच्या ओळी होत्या तशाच ठेवल्या. माझं पान कोरं. उद्या छापखान्याचा माणूस येईल.
दुपारी ताटावर बसलो आणि प्रार्थना सुचेना. म्हणजे शब्द होते, रोजचेच. ती थांबली होती. “म्हणा ना जी.”
“कोणाला?” तोंडातून निघून गेलं.
तिने डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नाही. बराच वेळ. वरण गार झालं. मी डोळे उघडे ठेवून तिच्याकडे पाहत राहिलो.
‘आमेन’ मी म्हटलं. कशाला आमेन, ते तिला विचारलं नाही.