मागच्या खोलीतले विमान

त्या सकाळी मी अंगण झाडले, वाडीतल्या पोफळींना पाणी सोडले, जवळा निवडून ठेवला आणि भाकऱ्या थापून झाल्यावर चहा घेऊन मागच्या खोलीत गेले. यजमान कानाला हेडफोन लावून बसले होते. दोन्ही हात मांडीवर होते, तरी समोरच्या फळीवरचा हिरवा दिवा आपोआप लागला. हा कोणी लावला, असे मी विचारले. ते म्हणाले, "नूतनबाईंनी. माणगावातून." मी चहा ठेवून बाहेर आले. माझ्या घरात दिवा लावणारी दुसरी बाई आहे, हे मला तेव्हा कळले.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत. नमुने मी वाचनालयात वाचले आहेत. पण हे सांगितल्याशिवाय पुढची कलमे कोणाला समजणार नाहीत.

मी, सुचिता कमलेश थळे, वय एकसष्ट, राहणार किहीम, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे लिहिते. शाळा चौथीत सुटली, त्यापुढचे वाचन माझे मी केले. माझे डोके शाबूत आहे, कोणी माझ्या मागे उभे राहून हे लिहून घेतलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याचा विचार नाही.

कलम पहिले. राहते घर, वाडी आणि विहिरीतला आमचा हिस्सा माझी एकुलती एक मुलगी मानसी हिला मिळावा. तिने वाडी विकू नये असे मला वाटते, पण तशी अट घालत नाही. पनवेलला राहून पोफळी शिंपता येत नाहीत, एवढे मला कळते.

कलम दुसरे. दागिने आणि बँकेतली ठेव मानसीचीच. माझी पुस्तके चोंढीच्या वाचनालयाला द्यावीत. पानांच्या कडेला मी पेन्सिलीने काही लिहिले आहे, ते खोडू नये.

कलम तिसरे. धाकटे दीर सदा थळे हे या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने त्यांना काही ठेवता येत नाही. ठेवलेही नसते. कारण सांगते.

यजमान न्हावा शेव्याला क्रेनवर होते. उंच केबिनमध्ये बसून दोन दांड्यांवर कंटेनर उचलण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हातांना काम उरले नाही, तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत विमान बांधायला घेतले. उडणारे नव्हे. विमान कॉम्प्युटरच्या पडद्यावर उडायचे, पण ते चालवायचे दांडे, बटणे, पायाने दाबायचे पट्टे हे सगळे यजमानांनी प्लायवूड कापून खरेखुरे केले. प्रत्येक बटणाची तार एका सर्किटला आणि सर्किटची केबल कॉम्प्युटरला. नुसते जोडून भागत नाही. बटण दाबले की पडद्यावर त्याचा नंबर उमटतो, मग त्या नंबरला काम नेमून द्यावे लागते: हा ब्रेक, हा दिवा, ही चाके. पाळण्यातल्या मुलाचे नाव ठेवावे तसे हे एकेकाचे नाव ठेवत बसत.

नूतन जोशीलकर ही माणगावची शिक्षिका. असाच छंद असणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळख झाली. दोघांचे कॉम्प्युटर जोडले की विमान एकच, चालवणारे दोघे. तिने तिकडे बटण दाबले की इकडे दिवा लागे.

तर गणपतीच्या आधी सदाभावजींनी रंग काढायला म्हणून त्या खोलीतल्या सगळ्या केबली उपटल्या आणि रंग सुकल्यावर दिसेल त्या भोकात परत खोचल्या. कॉम्प्युटरला वाटले, सगळी नवीन माणसे आली. वेग वाढवायचा दांडा ओढला की विमान डावीकडे कलंडू लागले. भावजी म्हणाले, "दादा, वायर ती वायर. भोकात काय फरक हाय?"

गौरी घरात आली त्या दिवशी यजमान आरतीला नव्हते. हेडफोन लावून नूतनबाईंबरोबर पुन्हा एकेक नंबर नेमत होते. मी मोदकांचे ताट घेऊन दारात उभी राहिले. आतून हसण्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत ते माझ्याशी बोलताना तसे हसल्याचे मला आठवत नाही. भावजी, तुमच्या त्या भोकांपायी माझी एक गौर गेली. घमेली आणि ब्रश तुमचेच आहेत, ते तेवढे घेऊन जा.

कलम चौथे. विमानात दोन खुर्च्या आहेत, दोन्ही मोडीत निघालेल्या जीपच्या. डावीवर यजमान बसत. उजवी रिकामी असे. एकदा कंबर दुखत होती म्हणून मी तिच्यावर टेकले, तर म्हणाले, "तिथं नको गं. ती नूतनबाईंची." बाई माणगावात बसलेली, आणि खुर्ची माझ्या घरात अडवलेली. ही उजवी खुर्ची नूतनला देऊ नये. ती वाचनालयात खिडकीशी ठेवावी, आणि ज्याला वाटेल त्याने तिच्यावर बसावे.

कलम पाचवे. उरलेले विमान.

यजमान गेले त्या वर्षी आमच्याकडे दिवाळीचे तळण नव्हते. माणूस गेल्याच्या वर्षी फराळ बाहेरून येतो. तसा फराळ घेऊन नूतन आली. मी देखणी, तरुण बाई डोळ्यांपुढे धरून बसले होते. आली ती निवृत्तीला टेकलेली, गुडघ्यावर हात ठेवून एसटीतून उतरणारी. देखणी असती तर राग धरायला सोपे गेले असते. तिच्या चकल्या मऊ पडल्या होत्या, हेही नोंदवते.

तिने खोली पाहायला मागितली. आमच्या फळ्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या, तिला फक्त पडद्यावरचे विमान माहीत. मी धूळ पुसते, म्हणून मला प्रत्येक बटणाची जागा पाठ होती. तिला प्रत्येकाचे काम पाठ होते. ती विचारी, मी दाखवी. शेवटी म्हणाली, "चाकं खाली सोडायचा दांडा कुठला, ताई? सर म्हणायचे, तसा दांडा विकत मिळायचा नाही."

मी काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जाड दांडा दाखवला. तिने जोर लावून खाली ओढला. पट्टी जुनी झालेली, ती तिच्या मुठीत सोलून आली आणि आत लाकूड दिसले. एका कडेचा टवका उडालेला. माझ्या आईने दिलेल्या सोऱ्याचा दट्ट्या. तो हरवला म्हणून मी एका दिवाळीत घर उलथेपालथे केले होते, आणि यजमान कॉटखाली वाकून माझ्याबरोबर शोधत होते.

आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली आणि मला म्हणाली, "म्हणजे प्रत्येक वेळी विमान उतरवताना..." मी तिला वाक्य पुरे करू दिले नाही. मीच म्हटले, "हो. हात माझ्या सोऱ्यावर असायचा." हे तिला ऐकवताना मला बरे वाटले. लाज वाटली नाही.

निघताना तिने विमान मागितले. बंद राहिले तर गंजेल, मी पुन्हा चालू करीन, असे म्हणाली. मी विचार करते म्हणाले. वर्षभर केला. आता लिहिते.

माझ्यामागे फळ्या, बटणे, पट्टे, कॉम्प्युटर आणि डावी खुर्ची नूतन जोशीलकर हिला द्यावी. दुसऱ्या कोणाला त्यातले काही चालवता येणार नाही, म्हणून तिला. सोऱ्याचा दट्ट्या त्याआधी काढून घ्यावा आणि माझ्या सरणावर ठेवावा. तो तिला द्यायचा नाही, मानसीलाही नाही. विमानाची चाके कशी सोडायची ते नूतनने पाहावे. तिच्या घरी सोऱ्या आहे.

हे मी वाचून, समजून सही करते.

सुचिता कमलेश थळे

साक्षीदार:
१. सदा थळे, किहीम
२. नीराबाई राऊत, वाचनालय, चोंढी

ठिकाण: किहीम
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

पुरवणी. सही करण्याआधी सदाभावजींनी विचारले, "वयनी, दट्ट्या आता हाय कुठं? आम्ही तो शोधायचा कुठं?" कायद्याने प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर लिहिते. नूतन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अलिबागला जाऊन काळी चिकटपट्टी आणली, आणि तो होता तिथेच ठेवून त्याला पुन्हा गुंडाळली.