बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या

११ मार्च, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. यापुढे 'इकडे सर्व क्षेम' लिहायचं असतं, पण दोन्ही पोरं अंगभर ठिपके घेऊन बसली आहेत, तेव्हा ते राहू दे. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू "हं, बोल" म्हणतोस आणि माझं सगळं तिथंच अडतं. शुद्धलेखनाच्या चुका असतील. लाल पेन हातात घेऊ नकोस.

आधी सुतळीला कांजिण्या आल्या. सुतळी म्हणजे थोरली, सात वर्षांची, अंगानं तशीच आहे म्हणून. तिच्या खपल्या वाळत आल्या तोवर धाकट्याच्या पोटावर पुरळ. शाळेनं कळवलं, घरात एक जण जरी आजारी असला तरी दुसऱ्याला पाठवू नका. हिची नर्सची नोकरी, त्यात रुग्णालयात माणसं कमी. म्हणून लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून मीच रजा घेतली.

पहिले चार दिवस मी भलताच हुशार बाप होतो. मोजपट्टी घेऊन आम्ही अख्खं घर मोजलं. पलंग, दारं, धाकट्याचं नाक. नटबोल्टांच्या बेरजा केल्या. खोक्याची लिफ्ट केली, दोरी बांधली, तिच्यातून धाकट्याचं अस्वल कपाटावर गेलं आणि तिथंच अडकलं. "मेकॅनिकला बोलवा," सुतळी म्हणाली. हसून हसून पुरेवाट झाली.

पाचव्या दिवसापासून मात्र भिंती अंगावर यायला लागल्या. माझं काम उभ्यानं करायचं, दादा. दिवसभर बसणं मला जमत नाही. खिडकीपाशी जायचं, परत यायचं, नळ बंद आहे का बघायचं, परत खिडकी. धाकटा दर पाच मिनिटांनी विचारणार, "आता काय करायचं?" त्या प्रश्नाची मला धडकी भरायला लागली. मग ठरवलं, पुरे झाले खेळ, आता अभ्यास.

सुतळी धडा घडाघडा वाचते. बाईंनीही कौतुक केलं होतं. मी शेजारी बसून ऐकत होतो आणि माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड चौथ्या. मी पान उलटलं. नवा धडा. ती गप्प. मग माझ्याकडे बघून हसली आणि चित्रावरून काहीतरी रचून सांगायला लागली. 'घर' तिला 'धर' दिसत होतं, 'मात' आणि 'भात' एकच.

पोरगी वाचतच नव्हती, दादा. पाठ करत होती. मी करायचो तशीच.

यापुढचं लिहायला दोन दिवस लागले.

मी तिला तेच पान परत वाचायला लावलं. परत. आणखी एकदा. मग मी म्हणालो, "डोळे फुटलेत का?" वाक्य तुझं, आवाजही तुझा, तोंड तेवढं माझं. आणि हातात पट्टी होती. बोटांवर मारली. बोटावरची एक खपली निघाली, रक्त आलं. ती रडली नाही. म्हणाली, "चुकलं का बाबा? परत वाचते हं." आणि जुना धडा पहिल्यापासून म्हणायला लागली. बोट पानावर कुठंही फिरत होतं.

मी दार ओढून बाहेर पडलो. दोघांना घरात एकटं ठेवून. इमारतीच्या लिफ्टमधून उगाच वरखाली करत राहिलो. दहा मिनिटं असतील, पंधराही असतील.

परत आलो तेव्हा घरात शाळा भरली होती. धाकटा भिंतीला टेकून उभा, पुस्तक उलटं धरलेलं. सुतळीनं पट्टी उगारली होती. "डोळे फुटलेत का?" ती त्याला विचारत होती. तो चार वर्षांचा आहे. त्यानं हात पुढे केला होता.

पट्टी घेतली आणि खालीच बसलो. तिला सांगितलं, मलाही अक्षरं अशीच दिसायची.

"मग तुला कुणी शिकवलं?"

"काकांनी."

"मारायचे?"

"हो."

तिनं विचार केला. "मग मारल्यामुळे आलं का शिकवल्यामुळे?"

मी उठून पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. तिनं आधी सुतळीच्या बोटाला मलम लावलं. मग म्हणाली, "उद्या बाईंना फोन करायचा. पोरगी वाचत नाही हे सांगायचं, आणि तू काय केलंस तेही. तूच करायचा." केला. बाई रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. आता मी तांब्याच्या तारेची अक्षरं वाकवून देतो. ती डोळे मिटून चाचपते. काल चार ओळी वाचल्या, पाऊण तास लागला. माझ्या शेजारी अजून बसत नाही, समोर बसते.

दादा, पट्टी उचलली तेव्हा मी चिडलो नव्हतो, घाबरलो होतो. ही माझ्यासारखी दहावीच्या आधीच बाहेर पडेल, सह्या करायलाही घाबरेल, असं वाटलं. बाबा गेले तेव्हा तू वीस वर्षांचा होतास, मी आठ. तूही घाबरलाच असशील. एवढ्या वर्षांत हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. कळलं म्हणून दुखायचं थांबलं असं नाही. खोटं कशाला लिहू?

माझी रजा रविवारी संपते. धाकट्याला अजून दोन आठवडे घरातच ठेवायचंय. तू निवृत्त झालायस, आणि कांजिण्या तुला येऊन गेल्यात. मला तुझ्याकडूनच आल्या होत्या. पट्टी मी फेकून दिली आहे, दुसरी आणू नकोस.

सुतळी तुला तो प्रश्न विचारणार, तिला मी ओळखतो. उत्तर नसलं तरी चालेल. नाही असं तिला सांग, पण ये.

सोमवारी सातला मी कामावर निघतो. साडेसहापर्यंत पोचलास तर चहा बरोबर घेऊ.

तुझाच,
धाकटा