मोटरहोमचं ऑनिंग खिडकीवरच

ठमाबाई,

भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून सीलंट आणायला चाललोय. ऑनिंगचं कापडी छप्पर तू म्हणालीस तिथेच, खिडकीच्या वर लावायचं. काल आपण स्क्रू धरेल असं आतलं लाकूड शोधायला मोटरहोमची भिंत ठोकून पाहिली, तेव्हा मला सगळीकडे सारखंच वाजलं. म्हणून सकाळी हट्टाने माझ्या जागी, दाराच्या वर, ड्रिल चालवलं. आत नुसती पोकळी! तुझ्या खुणेवर ड्रिल घातलं तेव्हा मात्र लाकडाचा भुसा पडला. एवढ्या जुन्या गाडीतलं लाकूड माझ्या पोरीने नुसत्या कानाने शोधलं, हे दुकानात चार जणांना ऐकवल्याशिवाय मी काही परत येत नाही.

बाकीची भोकं तूच पाड, शिडी मी धरतो. वरून काय सांगशील ते जरा मोठ्याने सांग.

आईला दारावरच्या भोकाचं खुशाल सांग. माझ्या कानाचं नको.

बाबा