पावणेनऊ वार लुगडं

रविवार, ता. १२ ऑक्टोबर १९४१. माधवनगर.
नवी वही उघडली. फौजेच्या रिवाजाप्रमाणे आधी स्ट्रेंथ. मी, भाऊसो, माजी हवालदार, सप्लाय. हल्ली गिरणीत स्टोअरकीपर. कुटुंब, शालूबाई. एकाच अंगणात शेजारी, चांदसाहेब कापडवाले आणि त्यांची बीबी हुसेनबी. त्यांचे रोजे चालू आहेत. यंदा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात येते. शत्रू एकूण एक: मेहुणा नाथाजी, मुक्काम सातारा.

नाथाजीचं प्रकरण थोडक्यात. चार वर्षांपूर्वी भाऊबीजेला त्यानं बहिणीला नऊवारी लुगडं आणलं. मी सवयीनं खिशातली टेप काढून मोजलं. पावणेनऊ वार भरलं. खरं होतं ते पंगतीत सर्वांसमक्ष सांगितलं. नाथाजी भरल्या पानावरून उठला तो अजून आलेला नाही. खरं पचवायला छाती लागते.

आज शालूबाईनं पुन्हा त्याचं काढलं. म्हणाली, आवं, यंदा तरी त्याला बोलवा की, तीन वर्सं झाली, मी चंद्रालाच ओवाळतीया. मी विषय बदलून फराळावर आणला. म्हणालो, दरवर्षी फराळाला तुम्ही बायका पंधरा दिवस घालवता, त्यात डिसिप्लिन नाही. ती म्हणाली, मग यंदा तुमीच करा. फराळ चांगला झाला, तर नाथाजीचं नाव काढणार न्हाई. बिघडला, तर तुमी सोता त्याला कार्ड घालायचं.
पैज घेतली. आता तिची दया येते.

सोमवार, ता. १३.
प्रोग्रॅम आखला. लाडू, चकली, शंकरपाळी, चिवडा आणि अनारसे. करंजी वगळली, दुमडण्यात वेळ जातो. आठ घरी ताटं जाणार. शालूबाईला ड्यूटी फक्त ताटं पोचवण्याची. मानाचं ताट मात्र चांदसाहेबांना मी स्वतः नेणार. वीस वर्षांचा दोस्त आहे.

टेपनं चूल, कढई आणि परात मोजली. ही टेप बसऱ्याची, मागच्या लढाईतली. स्टोअरातल्या कापडाचं मोजमाप तर केलंच, शिवाय बिस्तराही चोवीस वर्षं हिनंच बांधत आलो. कापडी असून अजून तुटली नाही. सहज स्वतःची उंचीही मोजली. पाच फूट पाच. भरतीच्या वेळी पाच फूट सात होती. वय झालं की माणूस खचतो.

बुधवार, ता. १५.
अनारशासाठी तांदूळ भिजत घातले. शालूबाई म्हणाली, तीन दिस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मी म्हणालो, तीन दिवसांत आमच्या सॅपर्सनी नदीवर पूल टाकला होता. एक रात्र पुरे. ती काही बोलली नाही. पटलेलं दिसलं.

शुक्रवार, ता. १७.
चकल्या. दीड इंच व्यास ठरवला होता. पहिल्या घाण्यातल्या तेलात विरघळल्या. दुसऱ्यात मोहन कमी केलं. त्या टिकल्या, इतक्या की उखळीत कुटून बघाव्या लागल्या. टिकाऊपणा हा मालाचा पहिला गुण. स्टोअरमध्ये आम्ही तोच बघतो.

शालूबाई संध्याकाळी घरात नव्हती. हुसेनबीला रोजा सोडायच्या वेळी मदतीला जाते म्हणे. हुसेनबीला उपासात चव घेऊन बघता येत नाही, म्हणून मीठमसाला ही चाखते. चांगलं आहे. रिकाम्या बाईला काहीतरी काम पाहिजे.

शनिवार, ता. १८.
सकाळी ९. अनारसे. खसखशीवर थापला, तुपात सोडला. हसला. म्हणजे कढईभर पसरून गेला. दुसरा हसला. तिसराही. शालूबाई दाराआड होती, तीही हसली असावी. पदर तोंडावर होता, नक्की सांगता येत नाही.

दुपारी १. मार्ग काढला. पिठात गव्हाची कणीक घातली, मग आणखी थोडी, आणि दोन्ही गुडघे टेकून तिंबलं. आता एकही हसला नाही. सगळे गंभीर. रंग बुटाच्या पॉलिशसारखा. परातीत टाकले की टणटण वाजतात. यश.

संध्याकाळी ६. लाडू वळले. एक हातातून निसटून फरशीवर पडला. लाडूला काही झालं नाही. फरशी बघायला हवी.

हुसेनबीच्या घरातून तळणाचा वास येतो आहे. रोज संध्याकाळी येतो. रोजा सोडायला माणसं दोन आणि तळण एवढं. ज्याचा त्याचा हौसेचा भाग.

रविवार, ता. १९. नरकचतुर्दशी.
पहाटे आंघोळ, उटणं. चिरांटाचं कडू फळ अंगठ्याखाली फोडलं. मग ताटं भरली. शालूबाईनं आठपैकी सात ताटं रुमाल झाकून नेली. आधी हुसेनबीकडे थांबून मग पुढे गेली. जड ताटं होती, दम खाल्ला असणार.

भर दुपारी बारा वाजता मानाचं ताट मी स्वतः चांदसाहेबांच्या दुकानात नेलं. ते गजानं कापड मोजत होते. मी म्हणालो, एक अनारसा माझ्यासमोर खाऊन दाखवा. ते म्हणाले, भाऊसो, रोजा हाय रं. मला आठवलंच नाही. पण मी माघार घेत नसतो. म्हणालो, नुसता दातात धरून बघा. ते हसले आणि म्हणाले, संध्याकाळी बांग झाली की पैला घास तुजा, गड्या. ताट फळीवर जपून ठेवलं. असा शेजार नशिबानंच मिळतो.

सोमवार, ता. २०. लक्ष्मीपूजन.
रिपोर्ट येऊ लागले. गिरणीचे मुकादम आप्पासो रस्त्यात थांबवून म्हणाले, आवं, काय चकली हाय, तोंडात टाकली की गेली. माझी चकली टाकली की जात नाही, पण आप्पासोंचे दात मजबूत असणार. हरणाबाई म्हणाल्या, अनारशाला जाळी लय सुरेख पडलीया. जाळी मला दिसली नव्हती. आपल्या कामातले गुण आपल्याला दिसत नाहीत.

रिकामं ताट परत करायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज. सातही ताटं भरून परत आली, नेहमीपेक्षा जास्त भरून. हा सन्मानच आहे. शालूबाईला म्हणालो, आता पैज कोण जिंकलं? ती म्हणाली, तुमी. आणि दिव्यात तेल घालायला गेली.

मंगळवार, ता. २१. पाडवा.
शालूबाईनं ओवाळलं. मी तबकात ओवाळणी घातली आणि भाषण केलं. नाथाजीचा विषय आता कायमचा बंद, असं तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, व्हय. एवढंच. बाईमाणूस हरल्यावर इतकं शांत असेल असं वाटलं नव्हतं. थोडं चुकल्यासारखं झालं, पण ते बासुंदी जास्त झाल्यामुळे असेल.

हरिबा गवळी दूध घालायला आला. म्हणाला, मालक, करंजीला लय पापुद्रं सुटल्यात. मी करंजी केलेलीच नाही. शंकरपाळीलाच तो करंजी समजला असावा. बिचाऱ्याची नजर कमी झाली आहे. दुधात पाणी जास्त पडतं ते त्यामुळेच असेल.

चांदसाहेब दोन दिवस दिसले नाहीत. दुकानही अर्धा दिवस बंद होतं. अनारशाबद्दल त्यांचा रिपोर्ट अजून बाकी.

बुधवार, ता. २२. भाऊबीज.
आज जे झालं ते क्रमानं लिहितो.
दिवस बुडायला सगळे अंगणात. शालूबाई तबक घेऊन चंद्रासाठी, चांदसाहेब आणि हुसेनबी ईदच्या चाँदसाठी. एकच चंद्र, दोन्ही घरांना हवा. चांदसाहेबांचा जबडा फडक्यानं डोक्यावर गाठ मारून बांधलेला. मी विचारलं काय झालं. ते फडक्यातूनच म्हणाले, दाढ गेली. तुज्या अनारशानं.

मी म्हणालो, शक्य नाही, साऱ्या गावानं नावाजलं आहे. चांदसाहेब म्हणाले, येड्या, गावाला गेला तो ह्या दोघींनी आमच्या चुलीवर केलेला फराळ. तुजा माल मागल्या डब्यात हाय. हरिबाच्या म्हशीला घातला, तर तिनं हुंगून तोंड फिरवलं.

मग तुम्ही कशाला खाल्लात, असं मी विचारलं. ते म्हणाले, दोस्तानं भर उन्हात सोता आणलेलं ताट. पैला घास तुजा म्हणून शबुद दिलेला. टाकवंना गड्या.

तेवढ्यात हुसेनबीला चंद्र दिसला. बारीक, कडब्याच्या पात्यासारखा. शालूबाईनं तबक उचललं आणि त्याला ओवाळलं. सलग चौथं वर्ष.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तिनं माझी ताटं तशीच जाऊ दिली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच पैज जिंकली असती. आज नाथाजी पाटावर असता. मी विचारलं, असं का केलंस. ती म्हणाली, आवं, समद्या गावानं तुमाला हसल्यालं मला बघवलं नसतं. भाऊ काय, पुढल्या वर्षी तरी येईल.

मला फार वाईट वाटलं. वहीत याला रकाना नाही, म्हणून इथंच लिहिलं.

गुरुवार, ता. २३. ईद.
सकाळी ८. ठराव: नाथाजीला क्षमा करायची. पण क्षमा रीतसर झाली पाहिजे, पुराव्यासकट. लुगडं कमी होतं हे दुकानदाराच्या गजानं सिद्ध करून, तरीही मोठ्या मनानं बोलावलं, असं कार्डात लिहायचं. शालूबाईकडून लुगडं मागून घेतलं. ट्रंकेत तळाशी होतं, घडीसुद्धा मोडलेली नाही.

सकाळी ११. चांदसाहेबांकडे शीरखुर्मा. मी दोन वाट्या घेतल्या. त्यांच्या वाटीत नुसतं दूध. खारीक, बदाम चावता येत नाहीत. ईदेच्या दिवशी. माझ्याकडे बघून ते एकदाही कुरकुरले नाहीत, म्हणून आणखी जड गेलं.

मग ते दुकानातून लोखंडी गज घेऊन आले. मोजलं. नऊ. मी म्हणालो, पुन्हा मोजा. नऊ, वर चार बोटं. मी त्यांच्या गजावरच संशय घेतला. त्यांनी माझी टेप मागून घेतली आणि गजाशेजारी अंथरली. गज संपला तरी टेपचा वार संपेना, अंगठाभर पुढे गेला. चोवीस वर्षं बिस्तरे आवळून ताणलेली.

हुसेनबी पडद्याआडून म्हणाली, भाऊजी, मग स्टोअरातलं कापड? मी विषय बदलला.

दुपारी २. शालूबाईला सांगितलं. ती हसलीही नाही, रागावलीही नाही. आत जाऊन ते लुगडं नेसून आली. चार वर्षांत पहिल्यांदा. मग चांगल्या फराळाचा डबा भरला, नाथाजीसाठी. भाऊबीज कार्तिकी पुनवेपर्यंत चालती, म्हणाली. डबा बांधायला सुतळी सापडेना, तेव्हा तिनं माझ्या खिशातून टेप काढून घेतली आणि तीच डब्याभोवती आवळून गाठ मारली. मी गाठीवर बोट धरलं.

कार्ड रद्द. उद्या पहिल्या गाडीनं दोघं साताऱ्याला. नाथाजीच्या घरच्या पंगतीत, सर्वांसमक्ष, खरं काय ते सांगायचं आहे. काय बोलायचं त्याचा मसुदा तीनदा लिहिला, तीनदा खोडला.

सकाळी त्यांच्या घरून निघताना चांदसाहेबांनी गज भिंतीला लावून माझी उंची मोजली होती. पाच फूट सात. इतका लहान मी आजवर कधी भरलो नव्हतो.