पलंगाची हमी

सौ. विहीणबाई यांना सुताराचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण सध्या कंबर अशी झाली आहे की एकदा खाली गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील, आणि इथे प्रत्येक जण स्वतःचीच कंबर धरून बसला आहे.) आपली प्रकृती, आपला डावा गुडघा आणि गच्चीतल्या कुंड्या या सगळ्यांची खुशाली कळवावी. इकडे आम्ही दोघे व्याही धडधाकट आहोत. हे वाक्य मुद्दाम आधी लिहून टाकतो, कारण आपण कुठलंही पत्र शेवटापासून वाचायला घेता असं आपली लेक, म्हणजे माझी सून, मला सांगत असते. या वेळी मात्र कृपा करून वरून खाली वाचावं. फोनच करणार होतो, पण फोन व्याहींच्या खिशात असतो आणि व्याही माझ्या शेजारी असतात. शिवाय आपल्याशी फोनवर बोलताना मला ‘हो’ आणि ‘बरं’ याखेरीज तिसरा शब्द सापडत नाही. कागदावर आपल्याला मध्ये बोलता येत नाही, हा कागदाचा मोठा गुण आहे.

निघताना आपण दारात उभ्या राहून जी अट घातलीत, ती मी विसरलेलो नाही. व्याहींच्या पाठीची तक्रार जुनी, तेव्हा देवस्थान गाठेपर्यंत त्यांना रोज छपराखाली पलंग मिळाला पाहिजे, आणि ज्या दिवशी मिळणार नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून घरी. मी लगेच हमी घेतली. सुतारानं पलंगाची हमी घ्यायची नाही तर कोणी! उभा जन्म पलंग करण्यात गेला, आता देवाच्या वाटेवर एक पलंग मिळणार नाही होय, असं मनात म्हणालो. हा ताठा वाटेनं पहिल्या दोन मुक्कामांतच उतरवला. यंदा एवढी माणसं चालायला निघाली आहेत की सगळं जग घरी कुलूप लावून आलं असावं. विश्रामगृहं भरलेली, शाळांचे हॉल भरलेले, जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं आपापल्या पायऱ्या राखून बसलेली.

त्यातून आम्ही दोघे कुठेही वेळेवर पोचत नाही. याचा अर्धा दोष आपल्या यजमानांचा आहे. स्टेशनमास्तरकी सुटली तरी माणूस सुटत नाही. मागून कोणी भरभर येताना दिसलं की हे वाटेच्या कडेला उभे राहतात आणि हात दाखवून त्याला पुढे सोडतात. एकाला सोडलं की त्याच्यामागचा येतो, त्यालाही सोडतात, आणि शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत जागचे हलत नाहीत. मी एकदा चिडलो, तर मला म्हणाले, “व्याही, धीम्या गाडीनं बाजूला थांबायचं असतं.” विश्रामगृहावर तर आणखी मजा. तिथे दाराशी माणसांऐवजी पिशव्यांची रांग असते. पोचलात की पिशवी रांगेत ठेवायची आणि खुशाल सावलीत जाऊन बसायचं, पिशवीच्या क्रमानं पलंग मिळतो. पद्धत उत्तम आहे, फक्त आमच्या मास्तरांनी तिच्यात लक्ष घालायला नको होतं. वाकडी रांग त्यांना बघवत नाही. ते ती सरळ करतात, मग लंगडणाऱ्याची पिशवी पुढे, लेकुरवाळीची त्याच्याही पुढे, मग कोणी विचारायला आलं तर त्याला नीट समजावून जागा दाखवणं. लोक त्यांना तिथले व्यवस्थापक समजून नमस्कार करतात. एवढं सगळं होईपर्यंत आमच्या दोन पिशव्या पार शेपटाला गेलेल्या असतात.

उरलेला अर्धा दोष माझा, तोही सांगून टाकतो. निघताना आपण माझ्या पिशवीतून हातोडी काढून घेतलीत, पण पटाशी मोज्यात होती. वाटेत कुरकुरणारं दार, डुगडुगणारं बाक, एका बाजूला कललेलं टेबल दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात. एका चहाच्या टपरीवर मी सगळी बाकं सरळ करून दिली, तेवढ्यात पुढच्या गावातला शेवटचा पलंग गेला.  व्याही बिचारे त्यातल्याच एका बाकावर बसून लोकांना पुढे सोडत होते.

म्हणून मग दारोदार विचारणं आलं. विहीणबाई, मी जन्मभर लोकांना दारं करून दिली, पण अनोळखी दारासमोर उभं राहून जागा मागायची वेळ कधी आली नव्हती. दार उघडणारा माणूस आधी आपल्या पायांकडे बघतो, मग पिशवीकडे, आणि तोंडाकडे सगळ्यात शेवटी. नकाराच्याही तऱ्हा असतात. काही जण दार पूर्ण उघडून नाही म्हणतात, ते मला आवडतात. काही जण बोटभर फटीतून म्हणतात. एकानं तर आतूनच ‘घरात कोणी नाही’ असं सांगितलं. आमची ही आज असती तर तिनं एका वाक्यात पलंग, उशी आणि वर गरम पाणी मिळवलं असतं, तिला माणसाकडे मागायला कधी संकोच वाटला नाही. मी मात्र दार वाजवतो आणि कोणी उघडलं की पहिल्यांदा त्याच्या बिजागऱ्यांची स्तुती करतो. त्यातच बराच वेळ जातो.

तरीही आपली अट मी कसोशीनं पाळली, याला साक्षीदार आहेत. एका गावात डॉक्टरांनी त्यांचा तपासणीचा पलंग दिला. (तो माणसापेक्षा थोडा आखूड असतो, म्हणून व्याहींचे पाय औषधांच्या खोक्यांवर ठेवले.) सकाळी कंपाउंडर आला आणि त्यानं न विचारता त्यांचा रक्तदाब मोजला. तो उत्तम निघाला, हे आपल्या माहितीसाठी. पुढच्या गावी एका फर्निचरच्या दुकानदाराला दया आली आणि त्यानं काचेमागे मांडून ठेवलेला डबल बेड दिला. लाकूड कसलं, भुसा दाबून केलेल्या फळ्या, वरून नुसतं रंगाचं पॉलिश, पण छप्पर होतं आणि पलंगही होता, तेव्हा अट पाळली गेली असंच मी समजतो. सकाळी डोळे उघडून बघतो तर काचेपलीकडे निम्मा गाव. एका बाईंनी आत येऊन गादीची किंमत विचारली, तेव्हा व्याहींनी डोळे मिटलेलेच ठेवून हात वर केला आणि त्यांना पुढे सोडलं.

आता चार-पाच दिवसांपूर्वीचं सांगतो. मन घट्ट करून वाचावं. इथलं विश्रामगृह एक बाई चालवतात, त्यांना सगळे आत्या म्हणतात. (त्या कुणाच्याच आत्या नाहीत, पण आवाज आत्याचाच आहे.) चढ मोठा होता, आम्ही दिवस मावळता पोचलो, हॉल भरून गेला होता आणि आश्चर्य असं की कोपऱ्यात एक पलंग रिकामा होता. तो जुना आहे, कुरकुरतो, म्हणून कोणी घेतला नव्हता. आत्यांनी बजावून सांगितलं, “कुरकुरतोय पण धरून आहे. हात लावू नका.” व्याही चादर बगलेत धरून उभे. मी फक्त एका कोपऱ्याचा सांधा बघितला. मग तो थोडा सैल केला, म्हणजे नीट घट्ट करता येईल. विहीणबाई, आतलं लाकूड किड्यांनी कधीच खाऊन टाकलं होतं. इतकी वर्षं तो पलंग केवळ सवयीनं उभा होता. मी सांधा सोडला आणि त्यानं चारही पाय पसरून अंग टाकलं. हॉलमधली सगळी माणसं खायचं थांबवून बघत होती. व्याहींनी धूळ खाली बसू दिली आणि मला अगदी सौम्यपणे विचारलं, “आता ही गाडी रद्द समजायची का?”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जन्मभराचा धंदा, आणि हमी दिलेला एकमेव पलंग स्वतःच्या हातांनी मोडला. आत्या जे बोलल्या ते लिहीत नाही, ते सगळं खरं होतं. पण मग पलीकडच्या भिंतीजवळून कोणीतरी ‘सरका रे जरा’ म्हणालं. एक टॅक्सीवाला सरकला, त्याच्या शेजारच्या दोघी बहिणी सरकल्या, एक जाडे पावभट्टीवाले आडवे झोपले होते ते उभे झोपायला तयार झाले (म्हणजे लांबीत, पायांवर नव्हे), आणि जिथे मांजराला जागा नव्हती तिथे दोन माणसांची जागा झाली. कोणाकोणाची पांघरुणं एकावर एक घालून व्याहींची गादी तयार झाली. मी पडल्या पडल्या विचार करत राहिलो. पलंगाला कडा असते. ही तुझी जागा, इथून खाली पडलास तर तू जाणे, असं तो सांगतो. मी आयुष्यभर अशाच कडा तासल्या, गुळगुळीत केल्या, त्यांना पॉलिश केलं. जमिनीला कडा नाही, म्हणून तिथे आणखी एक जण मावतो. हे मला या वयात, आणि तेही पलंग मोडल्यावर कळलं, याचं जरा वाईट वाटलं.

सकाळी व्याही उठले ते सरळ उठले. पाठ अजिबात दुखत नाही म्हणाले. वाकून बुटाची नाडी स्वतः बांधली, हे मी आणि पावभट्टीवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा पत्राचं कारण असं, की आपण ही पलंगाची अट मागे घ्यावी. ज्या माणसानं उभा जन्म फलाटावर राहून दुसऱ्यांना गावाला पाठवलं, त्याची ही पहिली स्वतःची यात्रा आहे. पुढे जाण्यासाठी ते नुसते उतावीळ झाले आहेत, मला रोज विचारतात, निघायचं कधी. अशा माणसाला अर्ध्या वाटेवरून बसमध्ये घालून परत आणणं माझ्या जिवावर येतं. पलंग दुरुस्त करून देईपर्यंत आत्या मला सोडणार नाहीत, तेव्हा आम्ही काही दिवस इथेच आहोत. उत्तर आत्यांच्या पत्त्यावर पाठवावं.

आपल्या घरात आपल्याहून मोठं कोणी नाही, आणि लहान, म्हणजे आपली लेक आणि माझा मुलगा, दोघं दूर नोकरीच्या गावी, तेव्हा नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही आपणच ठेवून घ्यावेत.

आपला,
सुतार व्याही

ता. क. व्याहींचा एक मोजा हरवला आहे. जोडीतला दुसरा माझ्या पटाशीला घातला आहे. नवीन जोड पाठवल्यास उपकार होतील.

दुसरा ता. क. वर एक वाक्य खोटं लिहिलं आहे, ते पोटात राहीना. व्याही उतावीळ झाले आहेत ते खरं, पण घरी यायला. जमिनीवर झोपल्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि बस कुठून सुटते ते विचारून आले. शब्द म्हणजे शब्द, असं म्हणतात. त्यांचं मन भरलं आहे. प्रत्येक चढावर आपलीच आठवण काढतात, कुंड्यांना पाणी कोण घालत असेल म्हणतात. मोडलेला पलंग माझ्या गळ्यात टाकून जाणं बरं दिसत नाही, एवढ्याचसाठी थांबले आहेत. आणि पलंग तर कधीच उभा राहिला असता. मी एक पाय तासतो, तो आखूड होतो, मग बाकीचे तीन त्याच्याबरोबरीनं तासतो. असंच चाललं तर आत्यांच्या पलंगाचा पाट होईल. आत्यांच्या ते लक्षात आलंय असं मला वाटतं, पण परवापासून त्या मला सूप जास्त वाढतात.

तिसरा आणि शेवटचा. तेव्हा अट मागे घेऊन भागणार नाही. आपण त्यांना एक खरमरीत पत्र लिहावं, की पलंग मिळो न मिळो, पोचल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. आपला शब्द ते मोडत नाहीत. मला पोचायचं आहे विहीणबाई, आणि एकट्यानं पोचायचं नाही. आपल्यालाच तिकडे करमत नसेल तर मात्र तसं स्पष्ट लिहा, मी पलंग उद्याच्या उद्या उभा करतो, त्यांना चांगल्या सीटवर बसवून देतो आणि मीही माघारी फिरतो. घरी चार पलंग आहेत, चारही मी केलेले, एकही कुरकुरत नाही. अंथरूण एकावरच असतं.