स्वेच्छेने

अंकुशदादा,

तू फोन उचलून नाही राहिला, म्हणून लिहून राहिली.

हिंगण्याच्या कंपनीत तू पर्सोनेलचा साहेब आणि मी तुही बहीण, पॅकिंगवाली. त्या दिवशी कागद तूच पुढे केला. म्हणला, "सगळ्याइचीच नोकरी जाऊन राहिली भावना, सही कर वं, नुसती फॉर्मॅलिटी आहे." मी वाचलं बी नाही. सख्ख्या भावानं देल्लेला कागद कोण वाचते गा?

काल डायलिसिसच्या खिडकीवरल्या बाईनं आईचं विम्याचं कार्ड परत केलं. बंद झालं म्हणे. मी विमावाल्याइले फोन केला, तं ते म्हणाले, कंपनीनं काढलेल्याइले सहा महिने अर्धा पगार आणि विमा मिळते, राजीनामावाल्याइले काहीच नाही. तुमच्या कागदावर 'स्वेच्छेने राजीनामा' लिहून आहे.

स्वेच्छेने! बारा वर्षं उभी राहून डबे भरले, आणि एका दिवशी स्वेच्छेने सोडून देल्लं? तुले नियम माहीत नव्हता, असं मले सांगू नको. तू तुह्या कार्डावर सासू-सासऱ्याइले लावलं, म्हणून आई माह्या कार्डावर होती. दादा, तू मले नाही काढलं, तुह्या आईले मशीनवरून उठवलं.

हे पत्र टाकलं तर तू घरी येऊन भांडशीन, आणि आईले सगळं समजन. ती अजून बी शेजारणीले सांगते, "माह्या अंकुशनं बहिणीले नोकरी लावून देल्ली."

म्हणून टाकत नाही.

तुही बहीण,
हे बी स्वेच्छेने नाही,
भावना