पायाळू नात

अहो,
तुमचा फोन लागत नाही. आबांना जळगावला नेतेय. सकाळी केळीचा घड उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. शेकलं, बाम चोळला, उतार पडेना. आपली भूमिका पायाकडून जन्मलेली, पायाळू. अशांचा पाय लागला की उसण जाते म्हणून, ती नको म्हणत असतानाही त्यांनी तिला कमरेवर पाय द्यायला लावलं. दुपारपासून त्यांचे पाय बधिर आहेत, लघवीही होत नाही. इथले डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी आधीच सरकली असेल, पोरीचा दोष नाही. आबा चालतील ना, विचारलं, तर त्यांनी जळगावच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

भूमिका शेजारी कुंदाबाईंकडे आहे. जेवली नाही. एवढ्या उकाड्यात मोजे घालून बसलीय. काढायला लावू नका. कुणाला पाय लागेल म्हणून घातलेत.

मयुरी